पोवई नाक्यावरचा पाटा एसएस

"अरे, चालतंय ना? मग कशाला हात लावतोस?" हे वाक्य आमच्या पप्पांनी मला आजवर किमान शंभर वेळा ऐकवलं असेल. मिक्सर, इन्व्हर्टर, स्कूटरचा कार्ब्युरेटर, प्रत्येक वेळी हेच. आणि दर वेळी अस्मादिकांनी हात लावलेला आहे.

२०२५च्या दिवाळीत हात लावला तो त्यांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला. नुसता वरवर नाही, थेट मदरबोर्डच्या बायोसला.

पप्पांचं साताऱ्यात पोवई नाक्याजवळ डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, मंडळांच्या कार्यक्रमपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं. दुकानातलं मशीन २०१३चं. एच६१ चिपसेटचा बोर्ड, आय५-३४७० प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. मी दहावीत असताना घेतलं होतं, अर्थात "मुलाच्या अभ्यासासाठी". पहिली दोन वर्षं त्यावर काय अभ्यास झाला ते विचारू नका :-)

आता कुणी म्हणेल, नवीन मशीन का नाही घेत? मीही तेच म्हणत होतो. अडचण फॉन्टची आहे. पप्पांच्या बारा वर्षांच्या सगळ्या फाइली युनिकोडच्या आधीच्या जमान्यातल्या फॉन्टमध्ये आहेत. त्यात 'क' हा खरा 'क' नसतोच, कुठल्या तरी इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं दिसतं. ते फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर आले, त्याचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं. बोर्डच्या आतला यूयूआयडी नावाचा ओळख क्रमांक वाचून ते चालू होतं. ती आवृत्ती बंद झाली, नव्या मशीनवर ते लायसन्स चढत नाही. म्हणजे मशीन गेलं तर बारा वर्षांच्या फाइली गेल्या.

हे सगळं मला माहीत होतं, बरं का. तरीही हात लावला.

कारण ते मशीन भयंकर मंद झालं होतं. सकाळी बटण दाबून पप्पा देवाला उदबत्ती लावायचे, बाहेर पाणी मारायचे, चहा सांगायचे, तेव्हा कुठे डेस्कटॉप यायचा. मग कोरलड्रॉवर क्लिक करून अख्खा पेपर वाचायचे. गिऱ्हाईक समोर बसलेलं. पप्पांना त्याचं काही नाही, पण मला पुण्यात बसून या गोष्टीचा उगाच अपमान वाटायचा.

मंद का, याचं गणित सोपं आहे. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, साधारण ४ मिलिसेकंद. हेड त्या ट्रॅकवर जायला आणखी ८-९. म्हणजे एक वाचन सुमारे १३ मिलिसेकंदांचं, सेकंदाला पंचाहत्तर-ऐंशी वाचनं. पप्पांच्या मशीनवर साडेसहाशे फॉन्ट आहेत. एकेक फाइल लहानशी, पण डिस्कवर विखुरलेली, आणि एकेकीसाठी चार-पाच वाचनं धरा. नुसत्या फॉन्टमध्येच चाळीस सेकंद गेले. एसएसडीत फिरणारं काही नाही, तेच वाचन ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होतं.

इथे शहाण्या माणसाने साधी साटा एसएसडी आणून लावली असती. एच६१वर साटाचा वेग फक्त ३ गिगाबिट आहे, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३०० एमबी. पण पत्रिका करायला तेवढा रग्गड आहे. स्क्रू काढा, लावा, चहा प्या. मी मात्र एनव्हीएमई एसएसडी घेतली, कारण साटावाल्या एसएसडीच्या आणि तिच्या किमतीत फार फरक नव्हता. आणि खरं सांगायचं तर साटा लावण्यात 'इंजिनिअरिंग' काहीच नव्हतं.

एनव्हीएमईचं पहिलं स्पेसिफिकेशन मार्च २०११चं. आमचा बोर्ड त्याच काळातल्या घराण्यातला, त्यामुळे त्याच्या बायोसला एनव्हीएमई हा शब्दच ठाऊक नाही. कार्ड पीसीआयईच्या लांब स्लॉटमध्ये बसतं (ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असल्यामुळे तो स्लॉट रिकामा होता), विंडोज १० सुरू झाल्यावर डिस्क दिसतेही. पण तिच्यावरून बूट होत नाही, कारण विंडोज सुरू व्हायच्या आधी ती डिस्क वाचणार कोण? ते काम बायोसचं, आणि त्याच्याकडे ड्रायव्हर नाही.

मग तो ड्रायव्हर बायोसमध्ये घालायचा! यूईएफआय बायोस हा काही एकसंध गोळा नाही. त्यात शेकडो मॉड्यूल असतात, प्रत्येकाला स्वतःचा जीयूआयडी. मशीन चालू झालं की आधी पीईआय टप्प्यात मेमरी वगैरे उभी राहते, मग डीएक्सई टप्प्यात एकेक ड्रायव्हर लोड होतो: यूएसबीचा, साटाचा, नेटवर्कचा. त्या रांगेच्या शेवटी एनव्हीएम-एक्सप्रेस-डीएक्सई नावाचं आणखी एक मॉड्यूल घातलं की झालं. टियानोकोर प्रकल्पात त्याचा सोर्स खुला आहे, आणि जुन्या बोर्डांच्या छोट्या चिपमध्ये मावेल अशी त्याची बारकी आवृत्तीही मिळते. यूईएफआयटूल किंवा एमएमटूल घ्यायचं, बायोसची फाइल उघडायची, डीएक्सईचा व्हॉल्यूम शोधायचा, शेवटच्या मॉड्यूलनंतर नवं घालायचं, सेव्ह. अक्षरशः दहा मिनिटांचं काम.

शनिवार, २५ ऑक्टोबर. भाऊबीज होऊन गेलेली, दुकान सोमवारी उघडणार. तुळशीचं लग्न पुढच्या रविवारी, म्हणजे त्यानंतर पत्रिकांची झुंबड. एका गिऱ्हाइकाला तर सोमवारी सकाळी प्रूफ द्यायचं होतं. संध्याकाळी चिवड्याचा डबा घेऊन मी दुकानात जाऊन बसलो. कंपनीच्या साइटवरून शेवटचा बायोस उतरवला, मॉड्यूल घातलं. कंपनीच्या स्वतःच्या टूलने बदललेली फाइल घ्यायला नकार दिला. (त्याचं बरोबरच होतं.) मग पेन ड्राइव्हवरून डॉस सुरू करून दुसऱ्या टूलने ती लिहिली. शंभर टक्के, 'डन'. रीस्टार्ट.

पंखा फिरला. स्क्रीन काळीच. थोड्या वेळाने पंखा थांबला, परत फिरला. बॅटरी काढली, रॅम बदलली, सीमॉस क्लिअर केला, मनातल्या मनात गणपतीला साकडंही घातलं. पंखा फिरतोय, थांबतोय, फिरतोय.

घरी गेल्यावर पप्पांना सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "सोमवारचं प्रूफ?" आणि जेवायला बसले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी बोर्ड पिशवीत घालून बसस्टँडच्या मागच्या लॅपटॉप रिपेअरवाल्याकडे गेलो. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान मुलगा असेल. मी डीएक्सई, व्हॉल्यूम वगैरे सांगायला लागलो, तर त्याने बोर्डवरची चिप बघितली. सॉकेटमधली आठ पायांची, २५क्यू६४, म्हणजे ६४ मेगाबिट, आपल्या भाषेत ८ एमबी.

"दादा, चिपचा डंप काढून ठेवला होता का आधी?"

"कंपनीच्या साइटवरची ओरिजिनल फाइल आहे की."

"ती कोरी असते. सिरियल नंबर, यूयूआयडी, काहीच नसतं तिच्यात."

माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे त्या फाइलने सबंध चिप पुसून लिहिली असती, तर मशीन चालू झालं असतं, पण फॉन्टचं लायसन्स गेलं असतं. आणि रात्रभर मी नेमकं हेच करायचा विचार करत होतो!

त्याने पातळ स्क्रूड्रायव्हरने चिप अलगद उचलली, सीएच३४१ए प्रोग्रामरमध्ये बसवली आणि आधी नुसती वाचली. दोनदा. दोन्ही फाइली ताडून बघितल्या, एकसारख्या निघाल्या. एकदाच वाचली आणि पाय नीट टेकलेला नसला तर डंपमध्येच कचरा येतो, हे त्याने मला सांगितलं. ही एवढी साधी गोष्ट मला चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये कुणी सांगितली नव्हती. नशीब असं की माझ्या डॉसच्या टूलने मुख्य भाग तेवढा बदलला होता, यूयूआयडी असलेला तुकडा शाबूत होता. डंपमधला बिघडलेला व्हॉल्यूम काढून तिथे कंपनीच्या फाइलमधला घातला, चिप लिहिली, परत वाचून पडताळली. घरी येऊन बोर्ड जोडला आणि बीप ऐकू आला. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

इथे थांबायला हवं होतं ना? पण तो मुलगा पैसे घेताना म्हणाला होता, "परत करणार असाल तर प्रोग्रामर घेऊन जा, उद्या सकाळी आणून द्या." माणसं ओळखण्यात पटाईत होता.

दुपारी लॅपटॉपवर मूळ बायोस आणि माझा बायोस शेजारी शेजारी उघडून बसलो. चूक दिसायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. व्हॉल्यूममध्ये मध्येमध्ये 'पॅड फाइल' नावाचे कोरे तुकडे असतात. नवं मॉड्यूल घातलं की आकार वाढतो आणि पुढचं सगळं सरकू बघतं. पीईआयमधला कोड तर मेमरी उभी राहायच्या आधी चिपवरूनच, ठरलेल्या पत्त्यावरून चालतो, तो एक बाइटही सरकून चालत नाही. पॅड फाइल लहान होऊन ती वाढ पोटात घेते. माझ्या फाइलमध्ये ती पॅड फाइल टूलने गायबच केली होती.

पप्पा चहा घेऊन आले आणि मागे उभे राहून बघत बसले. मी सांगितलं तसं. ते म्हणाले, "म्हणजे पहिल्या पानावर एक ओळ घातली आणि खालची कोरी जागा कमी नाही केली, की दुसऱ्या पानाचं सगळं खाली जातं. तसंच ना?"

तसंच.

"मग आम्ही प्रूफ बघतो छापायच्या आधी," असं म्हणून ते आत गेले.

या वेळी दुसऱ्या टूलने मॉड्यूल घातलं. सेव्ह केलेली फाइल परत उघडून प्रत्येक पॅड फाइल मूळ फाइलशी ताडून बघितली. आधार म्हणून कंपनीची नाही, आमच्या स्वतःच्या चिपची दुरुस्त फाइल घेतली. तिच्या तीन प्रती, एक मेलवर. मग चिप लिहिली.

मशीन चालू झालं. बूटच्या यादीत हार्ड डिस्कच्या खाली एक नवीन ओळ होती: पाटा एसएस. हा काय प्रकार आहे म्हणून घाबरू नका. जुन्या बायोसला या डिस्कला काय म्हणावं ते कळत नाही, म्हणून तो तिला पाटा म्हणतो. चालते ती एनव्हीएमई म्हणूनच. जुन्या डिस्कवरची विंडोज चालू असताना नवी डिस्क जोडलेली ठेवली, म्हणजे तिचा ड्रायव्हर बूटच्या वेळी लोड व्हायला तयार राहतो. मग क्लोन केलं, एमबीआर२जीपीटीने पार्टिशन टेबल बदललं. रात्री साडेअकराला पाटा एसएसवरून विंडोज सुरू झाली. पहिल्यांदा उघडलं ते फॉन्टचं सॉफ्टवेअर. लायसन्सबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही.

वेग मोजला तर सलग वाचन सेकंदाला २२०० एमबीच्या आसपास, जुन्या डिस्कवर १२० होतं. कोरलड्रॉ दहा-बारा सेकंदांत उघडायला लागलं. आणि मला पक्कं माहीत आहे की साटा एसएसडी लावली असती तरी ते पंधरा सेकंदांत उघडलं असतं, कारण खरा फायदा तबकडी गेल्याचा आहे, २२००चा नाही. हे मी पप्पांना सांगितलेलं नाही. त्यांच्या एका डीटीपीवाल्या मित्राने विचारलं तेव्हा मात्र त्याला साटाच घ्यायला लावली. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, म्हणून मशीनची इंटरनेटची वायर काढून ठेवली आहे. जुनी हार्ड डिस्क आता फक्त बॅकअपसाठी.

सोमवारी सकाळी प्रोग्रामर परत करून, पुण्याच्या एसटीच्या आधी दुकानात डोकावलो. पत्रिकावाले दोन काका समोर बसले होते. मशीन केव्हाच चालू झालेलं, फाइल उघडून तयार, आणि दोघांचा वाद चालला होता की 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या खाली आत्याचं नाव आधी की मावशीचं. पप्पा माऊसवर हात ठेवून शांत बसले होते. मला बघून म्हणाले, "तो चिवड्याचा डबा राहिलाय बघ इथंच, घेऊन जा."