तळ्यातील बेवारस पिल्ले

इंग्लंडच्या मध्यभागी वसलेल्या लेस्टर शहरात ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एक जुने चर्च होते. आज त्याच वास्तूचा दर्शनी भाग शुभ्र संगमरवराचा आहे आणि आत कोरीव खांबांच्या छायेत जिनप्रतिमा विराजमान आहेत. १९८८ साली येथे प्रतिष्ठा झाली. १९७२ मध्ये युगांडातून आशियाई लोकांना बाहेर काढण्यात आल्यानंतर अनेक कुटुंबे या शहरात स्थिरावली. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या अशा जैन कुटुंबांचा या उभारणीत मोठा वाटा आहे. श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर, स्थानकवासी उपाश्रय आणि श्रीमद् राजचंद्र ज्ञानमंदिर ही सर्व येथे एकाच छताखाली नांदतात. मुलाबाळांकडे इंग्लंडला गेलेली आपली वडीलधारी मंडळी या मंदिराच्या दर्शनाला आवर्जून जातात.

मंदिरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर ॲबी पार्क आहे. सोअर नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेली ही बाग १८८२ साली युवराजांच्या हस्ते खुली झाली. नदीपलीकडच्या भागात ११४३ मध्ये स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आहेत. एके काळी राजाच्या खालोखाल सत्ता गाजवणारा कार्डिनल वुल्झी १५३० मध्ये याच मठात निवर्तला. अलीकडच्या भागात नौकाविहाराचे तळे आहे. तेथे हंस, पाणकोंबड्या आणि हिरव्या डोक्याची मॅलार्ड जातीची रानबदके निर्धास्त वावरतात.

गेल्या वर्षी मे महिन्यात बार्शीचे एक भुसार व्यापारी मुलाकडे लेस्टरला आले होते. मंदिरातील दर्शन आटोपले की नऊ वर्षांच्या नातीला घेऊन बागेत फेरफटका मारायचा, हा त्यांचा नेम झाला होता. एका शुक्रवारी संध्याकाळी नातीने तळ्याच्या कडेला पाच पिल्ले पाहिली. रानबदकाच्या पिल्लांच्या अंगावर तपकिरी पट्टे असतात आणि डोळ्यावरून एक गडद रेघ जाते. ही पाचही पिल्ले मात्र लख्ख पिवळी होती. जवळ आई नव्हती, झुडपात पुठ्ठ्याचे रिकामे खोके पडले होते. पिल्ले माणसांपासून पळण्याऐवजी माणसांच्या पायांमागे धावत होती.

“आजोबा, आपण यांना घरी नेऊ या का?” नातीने विचारले.

आजोबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “बाळ, कोणी दिल्याशिवाय दुसऱ्याची वस्तू घ्यायची नाही. त्यांचा मालक येईल.”

चाळीस वर्षे अडतीच्या व्यवसायात घालवलेल्या माणसाचे हे उत्तर होते. शेतकऱ्याच्या पोत्यातून सांडलेला मूठभर हरभरासुद्धा आपला नव्हे, हा त्यांचा नियम. अदत्तादान, म्हणजे न दिलेले घेणे, हा दोष त्यांनी जन्मभर टाळला होता. उत्तर चुकीचे नव्हते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे तळ्यावर पोहोचले, तेव्हा पाचांपैकी तीनच पिल्ले उरली होती.

यंत्रात उबवलेल्या पिल्लांची ही एक मोठी अडचण असते. रानातील पिल्लांना रात्री आई पंखांखाली घेते. आईविना वाढलेले कोवळे पिल्लू मात्र पाण्यात भिजून गारठते. त्याशिवाय कोल्हा, बगळा आणि समुद्रपक्षी टपलेले असतातच. वसंत ऋतूत हौसेने आणलेली किंवा शाळेच्या वर्गात अंडी उबवून जन्मलेली पिल्ले दोन-तीन आठवड्यांत मोठी व घाण करणारी वाटू लागतात. मग कोणीतरी ती तळ्यात सोडतो. ‘पाण्याचा पक्षी पाण्यात सोडला’ असे मनाचे समाधान करून घेतो. प्रत्यक्षात पाळीव बदकांच्या बहुतेक जड जातींना नीट उडता येत नाही आणि स्वतःचे अन्न शोधण्याची सवयही नसते. पेल्यातील मासा समुद्रात सोडावा, तसाच हा प्रकार आहे.

कायद्याच्या दृष्टीने येथे दोन वेगळी खाती आहेत. पहिले रानपक्ष्यांचे. १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायद्यानुसार रानपक्ष्याला हेतुपुरस्सर पकडणे हा गुन्हा आहे. फक्त जखमी किंवा असमर्थ पक्ष्याला बरे करून पुन्हा मुक्त करण्यासाठी नेण्याची मुभा आहे. म्हणून मॅलार्डचे पिल्लू एकटे दिसले की उचलावे, असे मुळीच नाही. बहुधा त्याची आई जवळच असते आणि माणूस दूर झाल्यावर परत येते.

दुसरे खाते पाळीव बदकांचे. त्या कायद्यात पाळीव बदकांची गणना रानपक्ष्यांत होत नाही. ती मालमत्ता ठरतात, म्हणून प्रश्न चोरीच्या कायद्याचा उरतो. १९६८ च्या त्या कायद्यात चोरीसाठी अप्रामाणिक हेतू आवश्यक मानला आहे. वाजवी प्रयत्न करूनही मालक सापडणार नाही, अशी ज्याची प्रामाणिक समजूत आहे, तो अप्रामाणिक ठरत नाही. ज्याने पिल्ले खोक्यात आणून सोडून दिली, त्याने आपला हक्कही सोडला असे म्हणता येते. तरीही जागा ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांना विचारणे हेच सरळ व्यवहाराला धरून होय.

सोडून देणारा मात्र सहजी सुटत नाही. २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने मालकावर आहार, निवारा, सोबत, नैसर्गिक वर्तन आणि दुःखापासून संरक्षण या पाच गरजांची जबाबदारी टाकली आहे. प्राण्याला विनाकारण यातना दिल्यास २०२१ पासून कमाल शिक्षा पाच वर्षे कैद अशी आहे. आपल्या देशातही उपासमारीने यातना होतील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

याच इंग्रजी कायद्यातील आणखी एक कलम व्यापाऱ्याला चटकन समजेल. जबाबदारी कायमची असो वा तात्पुरती, ती जबाबदारीच असते. पिल्लू हातात घेतले त्या क्षणी त्याच्या पाचही गरजा घेणाऱ्याच्या नावे पडतात. शिवाय पक्ष्यांच्या फ्लूमुळे १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडमध्ये अंगणात एक बदक पाळले तरी सरकारी नोंदणी बंधनकारक आहे. दयेपोटी उचलायचे आणि महिन्याभराने कंटाळून दुसऱ्या तळ्यात सोडायचे, यात पहिल्या माणसाच्या दोषाचीच नवी प्रत निघते.

धर्माच्या दृष्टीनेही हिशेब सोपा नाही. अहिंसा अणुव्रताच्या अतिचारांत बंधन आहे, तसाच अन्नपाननिरोधही आहे. पिंजऱ्यात कोंडणे दोष, आणि भुकेले ठेवणेही दोष. अस्तेय व्रत सांगते की न दिलेले घेऊ नये. पण त्या व्रताचा रोख लोभावर आहे. संकटातल्या जीवाला उचलणाऱ्या हातात लोभ नसेल, त्याने विचारपूस केली असेल, तर तो हात मालकाचा नव्हे, विश्वस्ताचा ठरतो. मुंबईत १८३४ साली उभे राहिलेले पांजरापोळ याच भावनेतून चालत आले आहे. तेथे टाकलेल्या जनावराची मालकी कोणी मिरवत नाही, निभावणी मात्र केली जाते.

काही प्रश्न तरीही उरतात. बदक गोगलगायी व किडे खाते. त्याला बागेत मोकळे सोडले तर त्या जीवांचे काय? दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षी रुग्णालयात मांसाहारी पक्ष्यांवर उपचार होतात, परंतु त्यांना इतर पक्ष्यांसोबत ठेवले जात नाही. दया करतानाही मर्यादा ओळखावी लागते, याचे ते उदाहरण आहे. दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. वाचवलेले बदक एखाद्या शेतावर दिले आणि नाताळात ते कोणाच्या ताटात गेले, तर त्या जीवदयेला काय म्हणावे? म्हणूनच देण्यापूर्वी ‘मारणार नाही, विकणार नाही’ असे स्पष्ट वचन घ्यावे. तसेच पिल्ले वाचवण्यासाठी ती दुकानातून विकत घेण्याचा मोह टाळावा. मागणी वाढली की उबवणी वाढते, हे व्यापाऱ्याला कोणी सांगायला नको.

त्या शनिवारी सकाळी आजोबांनी मुलाला फोन केला. मुलाने बागेच्या कर्मचाऱ्यांना विचारले. पिल्लांवर कोणाचाही दावा नव्हता. मग जवळच्या एका प्राणी-निवाऱ्याशी बोलणे झाले. बदक कळपात राहणारा जीव असल्याने तिन्ही एकत्रच आणावीत, पाव देऊ नये, ऊब द्यावी, अशी सूचना मिळाली. टॉवेल अंथरलेल्या खोक्यात तिन्ही पिल्ले निघाली. निवाऱ्याच्या दारात आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, तो ही पिल्ले पुढे कोणाकडे जाणार, हा. तेथे आजन्म सांभाळणाऱ्यांनाच पक्षी देतात, हे ऐकल्यावरच त्यांनी खोके पुढे केले.

परतताना नात गप्प होती. शेवटी तिने विचारले, “आजोबा, काल आणली असती तर पाचही वाचली असती ना?”

“हो,” आजोबा म्हणाले, “कदाचित वाचली असती.”

त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला ते नेहमीपेक्षा बराच वेळ बसून होते. त्यांनी चोरी केली नव्हती. विचारपूस करण्याचा कंटाळा मात्र केला होता, आणि शास्त्रात त्याला प्रमाद म्हणतात. दुसऱ्या दिवशी नातीने निवाऱ्याचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवला. त्याखाली आजोबांनी मराठीत एक ओळ लिहिली : ‘आधी विचारावे, पण त्याच दिवशी विचारावे.’