दोन अँटिव्हायरस आणि एक दिवाळी अंक

मी कोल्हापुरात घरूनच डीटीपीची कामं घेते. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, आणि नवरात्र तोंडावर आलं की दिवाळी अंकांची पानं. २०२४ च्या दिवाळी अंकाचं काम ऐन भरात असताना माझ्या संगणकावरच्या अँटिव्हायरसची मुदत संपली. दुकानातला मुलगा घरी येऊन दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस टाकून गेला. जुना त्याने काढलाच नाही. ‘आता वर्षभर बघायला नको, काकू,’ म्हणाला आणि बिल देऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून संगणक रखडायला लागला. पान सेव्ह करायला गेलं की पडदा गोठायचा आणि वरच्या पट्टीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटायचं. सीपीयूवरचा हार्ड डिस्कचा दिवा विझायचं नाव घेईना. टास्क मॅनेजर उघडून पाहिलं, तर डिस्कच्या रकान्यात १०० टक्के आणि यादीत सगळ्यात वर दोनच नावं आलटून पालटून: एकदा नवा अँटिव्हायरस, एकदा जुना. मुदत संपली म्हणजे जुना बंद पडला असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याचं फक्त अपडेट बंद झालं होतं, पहारा चालूच होता.

ही भानगड काय आहे, ते पुण्यातल्या भाच्याने फोनवर समजावलं. अँटिव्हायरस विंडोजच्या अगदी आतल्या थरात आपला ड्रायव्हर बसवतो. कुठलीही फाइल उघडायची, लिहायची, बंद करायची म्हटली की ती मागणी आधी त्याच्या हातून जाते. असे दोन ड्रायव्हर बसले, की एकाने फाइल तपासायला उघडली तरी दुसऱ्याला ती नवी हालचाल वाटते आणि तोही ती तपासायला घेतो. एका अंकाच्या पानात फोटो, जाहिराती, फॉन्ट मिळून कितीतरी फाइली असतात. प्रत्येकीची अशी दुहेरी झडती सुरू झाली, तर जुनी हार्ड डिस्क दमणारच. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर दुसरा अँटिव्हायरस आला की आपणहून बाजूला होतो. बाहेरच्या दोन कंपन्या मात्र एकमेकींसाठी जागा सोडत नाहीत.

रखडणं एक वेळ सोसलं असतं. पण एका दुपारी मराठी टायपिंगच बंद पडलं. की दाबावी तर इंग्रजी अक्षरं उमटत होती. माझं टायपिंगचं सॉफ्टवेअर जुन्या फॉन्टपद्धतीचं आहे. दाबलेली प्रत्येक की ते मध्येच पकडतं आणि तिच्या जागी मराठी अक्षराचा संकेत ठेवतं. पासवर्ड चोरणारे कीलॉगरही की अशाच पकडतात. त्यामुळे नव्या अँटिव्हायरसला संशय आला आणि त्याने ती फाइल क्वारंटाइनमध्ये टाकली. संशय घेणं त्याचं कामच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मूळ सीडीवरची फाइल मी व्हायरसटोटलच्या साइटवर तपासून घेतली. तिथे एकच फाइल अनेक कंपन्यांची इंजिनं बघतात. ती स्वच्छ निघाली, तेव्हा मी नव्या अँटिव्हायरसमध्ये तिला सूट दिली. टायपिंग परत आलं आणि थोड्या वेळाने पुन्हा गेलं. या खेपेला ती फाइल जुन्याने उचलली होती, आणि त्याबद्दल पडद्यावर एक अक्षरही आलं नाही. कोपऱ्यात त्याची एकच सूचना झळकत होती: ‘आजच नूतनीकरण करा.’

तिकडे संपादकांचे फोन सुरू झाले होते. दुकानातल्या मुलाला पुन्हा बोलावलं, तर तो म्हणाला, ‘काकू, सरळ फॉरमॅट मारू या.’ फॉरमॅट म्हणजे सगळी सॉफ्टवेअरं, फॉन्ट, प्रिंटरच्या जुळण्या पहिल्यापासून. ऐन अंकाच्या तोंडावर मी त्याला साफ नाही म्हटलं.

‘मावशी, आधी सगळ्या पानांची कॉपी पेनड्राइव्हवर घे,’ भाचा म्हणाला. मग त्याने कंट्रोल पॅनेलमधून जुना अँटिव्हायरस काढायला लावला. संगणक पुन्हा सुरू केला तरी रखडणं होतंच. त्याने ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायला सांगितलं आणि ‘एफएलटीएमसी’ ही पाच अक्षरांची आज्ञा द्यायला लावली. फाइलींच्या वाटेवर बसलेल्या ड्रायव्हरांची यादी समोर आली. प्रत्येक नावापुढे त्याच्या पायरीचा आकडा होता. ज्याचा आकडा मोठा, त्याच्याकडे मागणी आधी पोचते. ३,२०,००० पासून पुढचा पट्टा मायक्रोसॉफ्टने अँटिव्हायरससाठी राखून ठेवला आहे. त्या पट्ट्यात जुन्याचं नाव जसंच्या तसं होतं! वरचा प्रोग्राम गेला होता, ड्रायव्हर आत ठाण मांडून होता.

असा उरलेला भाग काढायला बऱ्याच कंपन्या वेगळं साधन देतात. ते उतरवून घेतलं, इंटरनेटची वायर काढली, संगणक सेफ मोडमध्ये सुरू केला आणि ते चालवलं. नंतर पुन्हा तीच आज्ञा दिली, तेव्हा यादीतून ते नाव गेलं होतं. डिस्कचा आकडा खाली आला, पान सेव्ह व्हायला लागलं. टायपिंगला दिलेली सूटही टिकली आणि अंक छपाईला गेला.

त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर आणून सोडले होते. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती बातमी मी वाचली होती, पण तिचा अर्थ या प्रकरणानंतर नीट उमगला. सुरक्षेचं सॉफ्टवेअर चुकलं की घाव थेट वर्मी बसतो, कारण त्याला तिथपर्यंत आपणच जाऊ देतो.

म्हणून अँटिव्हायरस नकोच, असं मी म्हणणार नाही. बँकेचे व्यवहार आणि लोकांचा मजकूर ज्या संगणकावर आहे, तो उघडा ठेवता येत नाही. पण पहाऱ्याला एकच असावा, आणि नवा टाकणाऱ्याने आधी जुना मुळापासून काढावा. त्यासाठी लागणारा वेळ दुकानदाराने कामाचा भाग म्हणून धरलाच पाहिजे, कारण गिऱ्हाईक त्याचे पैसे मोजतं. कंपन्यांकडेही माझं एक मागणं आहे: माझी फाइल उचललीत, तर कुणी उचलली, का उचलली आणि परत कशी मिळवायची, हे त्याच क्षणी सरळ मराठीत सांगा. नूतनीकरणाची आठवण जितक्या ठळक अक्षरांत देता, तितक्याच ठळक अक्षरांत.