पाण्याच्या वाटेवरील हवा

वसईच्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्या आम्हां मंडळींच्या कानांत रहाटाची कुरकुर अजून आहे. रहाटाला हवेचे वावडे नव्हते. गाडगे उघड्यावर भरे आणि उघड्यावरच पाटात रिते होई. पाणी बंद नळात शिरले आणि हवेचा प्रश्न उभा राहिला.

तसा तो जुनाच. चोषण पंप सुमारे १० मीटरच्या वर पाणी चढवू शकत नाही, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नमूद केले. पंप पाणी ओढतो हा आपला भ्रम. बाहेरची हवाच ते वर ढकलते, हे पुढे त्याचा शिष्य टॉरिचेल्ली याने दाखवून दिले.

आमच्या कूपनलिकेत पाण्यात बुडून चालणारा पंप बसला, तेव्हा हे पुस्तकी ज्ञान आमच्या कामी आले नाही. रोज सकाळी कळ दाबताच नळावर घणाचा घाव बसावा तसा आवाज होई. मातोश्री दचकून उठत. बसवणारा म्हणे, "मोटार नवी आहे, सवय होईल." अखेर एका वृद्ध मिस्त्रीने उलगडा केला. खालची झडप गळकी असल्याने उभ्या नळातले पाणी रात्रभरात उतरे. वरची झडप मात्र घट्ट मिटलेली. दोहोंच्या मध्ये निर्वात पोकळी राही. सकाळी पाणी त्या पोकळीतून मोकाट धावत येई आणि मिटल्या झडपेवर आदळे.

त्याने खालची झडप बदललीच. शिवाय वरच्या झडपेच्या अलीकडे एअर व्हॉल्व्ह बसवला. पाणी उतरू लागले की तो हवा आत घेतो. पाणी चढू लागले की ती बाहेर सोडतो, आणि पाणी पोहोचताच आतला तरंगता गोळा तोंड बंद करतो. त्यातली खुबी आम्हांला फार आवडली : हवेने आत यावे भरभर, पण बाहेर जावे सावकाश. ती एकदम निसटली, तर गादी निघून गेल्यासारखे होऊन पाणी पुन्हा आदळायचेच.

आवाजाचे एकवेळ सोसता येते. शेजारच्या वाडीत मात्र जिवावरचा प्रसंग आला. केळींवर फवारायच्या औषधाचे पिंप भरताना रबरी नळी त्यात बुडती ठेवलेली होती, आणि वीज गेली. तिथलीही तळाची झडप झिजलेली. नळातले पाणी विहिरीकडे घसरू लागले, मागोमाग पिंपातले विषही. आमच्या धाकट्या बंधूंनी नळी उपसली म्हणून बरे. ते पाणी पाच घरे पीत होती. नळाच्या उंच भागी निर्वात मोडणारी झडप असती, तर तिने हवा आत घेऊन ती ओढ तोडली असती. एरवी नळीचे तोंड पिंपाच्या काठावर वीतभर अधांतरी धरले तरी पुरते, आणि त्याला तर दमडीही पडत नाही.

पावसाळ्यात आमच्या वाड्यांत पाणी साचते. म्हणून मिस्त्रीने आमच्या व्हॉल्व्हचे तोंड साचणाऱ्या पाण्याच्या बरेच वर नेले, खाली वळवले आणि त्यावर बारीक जाळी बांधली. दर वर्षी मिरगाच्या आधी ती काढून धुण्याचे काम बंधूंकडे आहे.