ओहोटी नसलेला किनारा

तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्यावर गुलेतीतून हिंडायला जाणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावं: शिडं बहुतेक वेळ गुंडाळलेलीच असतात. रुंद पोटाचं हे लाकडी गलबत डिझेलवर धडधडत जातं. उन्हाळ्यात दुपारी मेल्तेम वारा सुटला आणि कप्तानाची लहर लागली, तर शीड उभारतात. बाकी वेळ डोलकाठ्या फोटोपुरत्या.

या भटकंतीचा पायंडा पाडला तो एका हद्दपार लेखकानं. लष्करातून पळालेल्यांना खटल्याविना फाशी दिल्याबद्दल लिहिलं, म्हणून जेवात शाकिर यांची 1925 मध्ये बोद्रुमला रवानगी झाली. शिक्षा म्हणून मिळालेलं गाव त्यांना असं लळा लावून बसलं, की सुटल्यावरही ते तिथेच येऊन राहिले आणि बोद्रुमच्या जुन्या नावावरून ‘हालिकार्नासचा कोळी’ म्हणून लिहू लागले. पुढे लेखक-चित्रकार मित्रांना घेऊन ते स्पंज काढणाऱ्यांच्या होड्यांतून खाडीखाडीनं हिंडत. शिधा बेताचाच, गप्पांना मात्र तोटा नाही. गाद्या, बर्फ आणि गुळगुळीत माहितीपत्रकं नंतर आली.

पण होडीतूनच जावं, हे त्यांचं खरंच होतं. रस्त्यानं गेलात तर या किनाऱ्यावरची जुनी शहरं पाठमोरी भेटतात. दात्चा द्वीपकल्पाच्या टोकावरचं क्निदोस पाहा: चिंचोळ्या भूपट्टीच्या दोन्ही अंगांना दोन बंदरं, एक व्यापाराचं, एक युद्धनौकांचं. आजही मोठ्या बंदरात नांगर टाकला की समोर नाट्यगृहाच्या पायऱ्या चढत गेलेल्या दिसतात. शहर पाहुण्याकडे तोंड करून बसलंय, तो पाहुणा पाण्यावरून येणार हे धरून.

मन खरं अडकतं ते पूर्वेला, केकोव्याला. भूकंपांनी इथली जमीन खचली आणि बेटाच्या काठची वस्ती अर्धी पाण्यात गेली. कड्यात कोरलेला जिना खाली उतरतो, पाण्याच्या रेषेशीही थांबत नाही, निळ्यात तसाच उतरत राहतो. भिंतींचे काटकोन तळाशी स्पष्ट दिसतात. कोकणातल्या डोळ्यांना वाटतं, जरा थांबू, ओहोटी लागली की उरलेल्या पायऱ्या उघड्या पडतील. इथे ती सोय नाही. भूमध्य समुद्राचं पाणी या बाजूला जेमतेम वीतभर चढतं-उतरतं. जे बुडालं ते बुडालंच.

समोर काळेकोय, म्हणजे जुनं सिमेना. गाडीरस्ता नाही, होडीनं या, नाहीतर चालत. वर किल्ला, किल्ल्यात खडकात कोरलेलं इवलंसं नाट्यगृह. खाली उथळ पाण्यात इथल्या प्राचीन लिकियन लोकांचं एक थडगं उभं आहे. त्याचं झाकण उपड्या घातलेल्या होडीसारखं. या लोकांची थडगी जवळून पाहावीत: दगडातच वासे कोरलेत, वाशांची टोकं बाहेर काढलीत, सुताराच्या जोडांसकट. लाकडी घरं केव्हाच गेली, त्यांची ही दगडी नक्कल उरली. मेलेल्यांच्या घरावरून जिवंतांचं घर ताडायचं, असा उलटा कारभार.

बुडालेल्या भागावर पोहायला बंदी, नांगर टाकायलाही. कप्तान वेग कमी करतो. सगळे एकाच कठड्याला लटकतात, मग तो ओरडून निम्म्यांना पलीकडे धाडतो. तेवढ्यात खालून तळलेल्या वांग्यांचा वास येतो, आचारी हाक मारतो, आणि दोन हजार वर्षांचं शहर मागे सोडून मंडळी ताटांकडे धावतात. मीही त्यांतलाच, वांगी गार झाली की मजा नाही.