रिकाम्या जागा

कथनमीमांसा शिकवताना वोल्फगांग इझर यांच्या ‘रिकाम्या जागां’विषयी मी वर्षानुवर्षे बोलत आले. संहितेने न सांगितलेले वाचक स्वतः भरून काढतो आणि म्हणून वाचन सर्जक ठरते, हे मला निर्विवाद वाटे. भाच्याशेजारी बसून व्हिडिओ गेमचे थेट प्रक्षेपण पाहिले, तेव्हा या निर्विवादपणाला तडा गेला.

दृष्टिपटलाच्या विकाराने भाच्याची दृष्टी विशीतच गेली. खेळ होता ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ (२०२०). त्यात साठहून अधिक सुलभता-सोयी आहेत. ध्वनिसंकेतांच्या आधारे अंध व्यक्तीही तो पूर्ण करू शकते. म्हणजे हा खेळ भाच्याला खेळता येत होता. दुसऱ्याने खेळलेला मात्र अनुभवता येत नव्हता. प्रक्षेपण करणाऱ्याने ते संकेत बंद ठेवले होते आणि तो अखंड बोलत होता: ‘हा बघा’, ‘इकडून जाऊ’, ‘अरे, हे काय!’ असा खेळाडू एकाच वेळी पात्र असतो आणि निवेदकही. त्याची भाषा दर्शक सर्वनामांवर उभी असते, आणि त्या सर्वनामांचा आशय पडद्यावर असतो. इझर यांची रिकामी जागा वाचकाला आत बोलावते. ही जागा त्याला बाहेर ठेवते.

मग मी सांगू लागले : उद्ध्वस्त सिअ‍ॅटल, उदास प्रकाश, नायिकेच्या चेहऱ्यावरील अपराधभाव. थोड्या वेळाने तो म्हणाला, “मावशी, तू अर्थ सांगतेस. शत्रू किती, कुठल्या बाजूला, हिच्याजवळ गोळ्या किती, ते सांग. अर्थ मी लावीन.” आणि पुढे, “आता जरा थांब, पावलं ऐकू देत.” इतके नेमके परीक्षण माझ्या वाट्याला क्वचितच आले असेल.

२०२२ मध्ये या खेळाच्या पहिल्या भागाची नवी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यातील कथादृश्यांना श्राव्य वर्णन जोडले गेले. ते आधी लिहून ठेवता येते. थेट प्रक्षेपणाला मात्र अशी संहिता नसते. तेथे दिशा आणि अंतर सांगणे, पडद्यावरील मजकूर व प्रेक्षकांचे संदेश वाचून दाखवणे, अर्थपूर्ण आवाजांवर स्वतःचा आवाज न लादणे, ही बोलणाऱ्याचीच जबाबदारी. आकाशवाणीवरील क्रिकेटच्या धावत्या वर्णनावर ज्यांचे कान घडले, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. तेथे कोणाही श्रोत्याला मैदान दिसत नसे, म्हणून सर्वांनाच सांगितले जाई.

इझर मी अजूनही शिकवते. फक्त आता आधी विचारते : ही जागा भरण्याचे साहित्य वाचकाच्या हाती दिले आहे काय?