चार आणि तीन मिळून त्रेचाळीस



आमच्या हर्सूलकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ड्रमचा हिशोब मुलांना तोंडपाठ. म्हणून आठवीला पायथन शिकवताना उदाहरण तेच घेतलं. काल किती ड्रम, आज किती, एकूण लिटर किती? एक ड्रम २०० लिटरचा.

पहिल्याच प्रयत्नात एकजण ओरडला, "मॅडम, चारात तीन मिळवले तर त्रेचाळीस येतंय!"

वर्ग हसला. पण चूक त्याची नव्हती. इनपुट() जे काही घेतं ते मजकूर म्हणून घेतं. ४ हे त्याच्या दृष्टीने अक्षरच, आणि दोन अक्षरं अधिक चिन्हाने जोडली की शेजारी शेजारी बसतात. इनपुटला इंट() च्या कंसात घातलं की आकडा होतो. माझ्या जुन्या वहीत इंट() नव्हतंच, कारण ती पायथन २ ची होती. तिथे इनपुट आकड्याचा आकडाच द्यायचं. वही बदला, एवढंच सांगते.

पुढे कुणी साडेतीन ड्रम म्हणून ३.५ टाकलं आणि व्हॅल्यूएरर आला. तिथे फ्लोट() हवं. मग उत्तर ७०० ऐवजी ७००.० छापलं जातं, त्यावरही हसून झालं. आणि हो, मोबाइल नंबर किंवा शून्याने सुरू होणारा हजेरी क्रमांक इंट() मध्ये घालू नका, पुढचं शून्य गळून पडतं. ज्याची बेरीज करायची नाही, तो मजकूरच राहू द्यावा.

खरी गोष्ट पुढेच आहे. मागच्या बाकावरचा एक मुलगा मोबाइलवर प्रोग्रॅम चालवत होता. मराठी कीबोर्ड तसाच राहिलेला, त्याने देवनागरी ४ आणि ३ टाकले. मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले, "अरे, इंग्रजी अंक टाक. त्याला मराठी कळत नाही."

त्याने तोवर बटण दाबलं होतं. उत्तर आलं, १४००. अगदी बरोबर!

मी घरी येऊन पुन्हा करून पाहिलं. इंट() आणि फ्लोट() दोन्ही देवनागरी अंक ओळखतात. प्रोग्रॅमच्या ओळीत आपण स्वतः देवनागरी आकडा लिहिला तर मात्र सिंटॅक्सएरर येतो. इतकी वर्षं मी मुलांना न तपासताच "मराठी चालत नाही" असं सांगत आले, आणि किती जणांनी ते ऐकून मान खाली घातली असेल कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची माफी मागितली. तो लाजला, मग हळूच म्हणाला, "मग माझी आजी पण वापरेल. तिला इंग्रजी आकडे येत नाहीत."

प्रिंट() मात्र उत्तर इंग्रजी अंकांतच देतं. ते आजीसाठी मराठीत कसं छापायचं, असं त्याने विचारलंय. एकेक अंक बदलून द्यावा लागेल. सोमवारचा तास त्यालाच ठेवलाय.