अर्धं तिकीट

आमच्या घरात बायकांच्या प्रवासाला कारण लागतं. लग्न, बारसं, दहावा, माहेरचं दुखणं, नवस, दवाखाना. संपली यादी. आजी म्हणते, तिच्या वेळी यादी याहून लहान होती, बारशालासुद्धा सासूचा मूड बघून जावं लागायचं. दादाला कारण लागत नाही, पेट्रोल लागतं. मागच्या वर्षी रात्री साडेअकराला मित्राचा फोन आला, हा उठला आणि हरिश्चंद्रगडावर गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला तेव्हा त्याला घरात एकच प्रश्न विचारला गेला, "जेवलास का?"

मला विचारतात, "कशाला?"

मी वीस वर्षांची आहे. पुण्यात हॉस्टेलला राहून एसवाय बीए करते, विषय इतिहास. घर नारायणगावात. टोमॅटोचा बाजार आणि तमाशाच्या राहुट्या यांच्यामुळे आमचं गाव लोकांना माहीत असतं. एप्रिलअखेर परीक्षा संपली आणि पुढे दीड महिना मोकळा. पप्पांच्या डोक्यात त्या दीड महिन्यासाठी एमपीएससीचा फाउंडेशन कोर्स होता. माझ्या डोक्यात ब्राह्मी होती.

ब्राह्मी म्हणजे लिपी. (मैत्रिणीला वाटलं, तेल.) आमच्या सरांनी सुट्टीसाठी एक प्रोजेक्ट दिला होता: पश्चिम महाराष्ट्रातल्या लेण्यांमधल्या शिलालेखांत दान देणाऱ्या बायका कोण होत्या, त्यांची नावं कशी लिहिली आहेत, हे बघायचं. पुस्तकावरूनही भागलं असतं. पण मी घरी सांगितलं की दगडासमोर उभं राहूनच करावं लागतं. प्रोजेक्ट हे कारण आमच्या घरात अजून कोणी वापरलेलं नव्हतं, त्यामुळे त्यावर काय बोलायचं हे कोणाला सुचलं नाही.

लिपी शिकायला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला. 'क' म्हणजे अधिकचं चिन्ह. 'ठ' म्हणजे गोल, आणि त्या गोलात टिंब दिलं की 'थ'. 'ब' चौकोन. 'न' म्हणजे उलटा टी. 'ग' म्हणजे घराचं छप्पर. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ही लिपी उलगडली, त्याआधी कित्येक शतकं आपल्याकडे कोणालाच ती वाचता येत नव्हती. लोक लेण्यांत जात होते, तिथे राहत होते, शेंदूर लावत होते, आणि समोर लिहिलेलं सगळ्यांना नक्षी वाटत होतं. मी आठ दिवस हॉस्टेलच्या भिंतीवर तक्ता चिकटवून बसले आणि मेसच्या यादीत स्वतःचं नाव ब्राह्मीत लिहिलं. मेसवाल्या काकूंनी ते खोडून माझं नाव 'प्लस-गोल' असं ठेवलं.

आता पैशांचं. २०२३च्या १७ मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पप्पा म्हणतात, हे सगळं मतांसाठी. असेलही. गाडीत पुरुष कुरकुरतात की बायकांमुळे बसायला जागा मिळत नाही. तेही खरं, गाड्या भरलेल्या असतात. पण या गर्दीत बसून मी एक गोष्ट पाहिली. पूर्वी 'तिकिटाला पैसे कशाला घालवायचे' हे वाक्य बाईला घरी बसवायला पुरत असे. आता ते निम्मंच पुरतं. उरलेल्या निम्म्यात बायका काय करतात? बहिणीला भेटतात, मोठ्या बाजाराला जातात, मुलीच्या हॉस्टेलला डबा घेऊन येतात. माझ्या रूममेटची आई साताऱ्याहून सकाळी येऊन दुपारी परत गेली, हातात फक्त एक पिशवी होती. काम काय होतं, तर काही नाही.

पहिली खेप कार्ल्याची. लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की रुळांच्या एका अंगाला भाजे आणि दुसऱ्या अंगाला कार्ले. आम्ही दोघीच होतो आणि मे महिना होता, त्यामुळे भाजे सकाळी आठला उरकलं आणि अकराला कार्ल्याच्या पायऱ्यांवर आम्ही अर्धमेल्या. त्या पायऱ्यांवर आमच्यासारख्या दोघीच नव्हत्या. वर लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा देवी आहे, त्यामुळे कोकणपट्टीतून आलेल्या कोळी-आगरी बायकांचे घोळके चढत होते, अनवाणी, डोक्यावर पदर. त्यांच्याकडे कारण होतं. गाणी म्हणत, एकमेकींना ढकलत, मधेच बसून पेप्सीकोला खात त्या जे काही करत होत्या, त्याला मी सहल म्हणाले असते. पण नाव नवसाचं.

आतला चैत्य बघून मी काही वेळ प्रोजेक्ट विसरले. छताला सागाच्या लाकडाच्या कमानी आहेत, त्या मूळच्या, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या. वैजयंतीच्या म्हणजे आताच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या भूतपाल नावाच्या सेठीने लेखात लिहून ठेवलंय की हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. स्वतःच्या कामाला स्वतःच पाच स्टार. खांबांवर दात्यांची नावं आहेत, बरेचसे धेनुकाकट गावचे, काही तर यवन. नाव, गाव, काय दिलं. बस. हॉटेलच्या रजिस्टरात असतं तेवढंच.

आणि मला हवी होती ती बाई कोरीव कठड्याच्या लेखात होती. कोडी नावाची भिक्खुणी. तिने कठड्याचं दान दिलं आणि नदिक नावाच्या माणसाने तो घडवला. तिच्या नावापुढे ओळख दिली आहे: घुणिकाची आई.

बाई संसार सोडून संघात गेली. केस काढले, घर सोडलं, नातं सोडलं. दगडावर नाव कोरायची वेळ आली तेव्हा ती परत घुणिकाची आई. माझी मैत्रीण म्हणाली, तिला तसंच हवं असेल, मुलाचं नाव राहावं म्हणून. शक्य आहे. मी वहीत दोन्ही लिहिलं. माझ्या आईला गल्लीत 'सुनीता' म्हणून हाक मारणारं कोणी नाही. तिला हे हवं होतं का, हे मी तिला कधी विचारलेलं नव्हतं.

दुपारच्या उन्हात कुठे जाता येत नाही, म्हणून बाकीच्या दिवसांत मी वाचत होते. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' शाळेत नुसतं नावाने माहीत होतं. आता पूर्ण वाचलं. वरसईचा हा माणूस १८५७च्या धामधुमीत उत्तरेत सापडला, झाशीच्या वेढ्यात अडकला. पण निघाला कशासाठी? घरावर कर्ज होतं आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथे दक्षिणा मिळेल असं कळलं म्हणून. म्हणजे मराठीतल्या सगळ्यात थरारक प्रवासाचं कारणही घरी पटेल असंच होतं. मला जरा बरं वाटलं. पंडिता रमाबाईंचं वाचून मात्र बरं वाटलं नाही. लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थांतून पायी हिंडणं, पुराणं सांगून पोट भरणं, मग दुष्काळात एकामागून एक माणसं जाणं. त्याच बाईने पुढे अमेरिकेला जाऊन तिथल्या लोकांविषयी मराठीत पुस्तक लिहिलं, १८८९ मध्ये. तिच्या पायांना जगाची सवय झाली होती ती हौसेने नव्हे. प्रवासाने माणूस समृद्ध होतो वगैरे वाक्यं मी रीलखाली बऱ्याचदा वाचते. चालणाऱ्याला परत यायला घर असेल तरच ती वाक्यं खरी असावीत.

दुसरी खेप नाणेघाटाची, आणि ती अडली. नारायणगावाहून जुन्नर, जुन्नरहून घाटघरची एसटी, दिवसातून मोजक्याच गाड्या. पप्पा म्हणाले, एकटीने नाही. दादाला सांगितलं तर त्याच्या आयपीएलच्या मॅचेस. पावसात तोच दादा तिथे तीनदा जाऊन आलाय, वाऱ्याने वर उडणाऱ्या धबधब्याचे व्हिडिओ काढायला. उन्हाळ्यात तिथे काय आहे, म्हणाला.

"मी जाते हिच्याबरोबर," आई भाकरी थापता थापता म्हणाली.

तिला कारण मिळालं होतं: मी.

आई लग्न होऊन आली त्याला चोवीस वर्षं झाली. लेण्याद्रीला आणि ओझरला ती किती वेळा गेली याची मोजदाद नाही, कारण मुंबईचे पाहुणे आले की अष्टविनायक ठरलेला. नाणेघाट जुन्नरपासून तीस-पस्तीस किलोमीटर, पण तिथे देव नाही, नातेवाईक नाहीत. मग कशाला जाणार?

गाडीत तिने खिडकी घेतली आणि माणिकडोहच्या धरणाचं पाणी दिसायला लागल्यापासून एक शब्द बोलली नाही. चावंड किल्ला दिसला तेव्हा मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "माहितीय. याच्या खालच्या गावचं स्थळ आलं होतं मला." मग परत खिडकीबाहेर.

घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. आई आत डोकावली, चिप्सचं पाकीट होतं. खाली कोकण धुरकट दिसत होतं. मी सांगितलं, इथून उतरून गेलं की कल्याण, तिथे जुनं बंदर होतं, आणि तिथला माल बैलांवर, माणसांच्या डोक्यावर लादून या फटीतून वर जुन्नरला यायचा. लेण्याद्रीला गणपतीच्या शेजारी जो चैत्य आहे ना, तो कल्याणच्याच एकाने दिलेला, सुलसदत्त नावाच्या, त्याचा बाप सोन्या-नाण्याच्या व्यवहारातला. आईची बहीण कल्याणला असते. आई म्हणाली, "म्हणजे ही शांतीच्या घरची वाट." मग जरा वेळाने, "चालत किती वेळ लागत असेल?"

लेणं म्हणजे एक साधी खोली. मागच्या भिंतीवर एकेकाळी पुतळे होते, सातवाहन घराण्यातले. सिमुक, सातकर्णी, नागनिका, राजपुत्र. पुतळे गेले. वर नावं आहेत आणि खाली कुठे कुठे पावलांच्या खुणा. बाजूच्या दोन्ही भिंतींवर लांबलचक लेख, जागोजागी फुटलेला. बहुतेक अभ्यासक तो नागनिका राणीचा मानतात. यज्ञ किती केले, दक्षिणा काय दिली: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण, आकड्यांसकट. भारतातले फार जुने आकडे बघायचे तर या भिंतीकडे यावं लागतं.

मी मोबाईलचा टॉर्च तिरका धरून अक्षरं दाखवत होते. तिरका उजेड पाडला की अक्षरं उठून दिसतात, हे मला कार्ल्याला कळलं होतं. आईला मी 'न' शिकवला. उलटा टी. पुढची दहा मिनिटं ती भिंतीवर 'न' शोधत होती आणि सापडला की बोट न लावता, लांबून, तांदूळ निवडताना खडा दाखवावा तसा दाखवत होती.

"हिच्याबद्दल काय लिहिलंय? राणीबद्दल?"

मी वहीतून वाचून सांगितलं. महिना महिना उपवास करणारी. घरात राहून तापसीसारखी राहिलेली. ब्रह्मचर्य पाळणारी. दीक्षा, व्रत, यज्ञ यांत निपुण.

आई बराच वेळ भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "एवढे यज्ञ केले, हत्ती वाटले, आणि बाईचे उपासच मोजले का?"

मी हे वाक्य प्रोजेक्टमध्ये घातलं. माहिती देणाऱ्या व्यक्तीचं नाव लिहायचं असतं, ते मी सुनीता असं लिहिलं, आडनावासकट, आणि कोणाची कोण ते लिहिलं नाही. सरांनी त्या ओळीखाली रेघ मारली आहे. चांगली की वाईट ते अजून विचारायचंय.

पुढच्या वर्षी टीवाय. त्यानंतर मला डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वाचं एमए करायचंय. त्यात उत्खननं असतात, कुठेतरी माळावर तंबूत आठवडेच्या आठवडे राहायचं असतं. पप्पांनी एमपीएससीचा विषय सोडलेला नाही आणि आत्या दिवाळीला एका स्थळाचं बोलून ठेवणार आहे. घाटघरहून परतीच्या गाडीची वाट बघताना झाडाखाली बसून मी आईला हे सगळं सांगितलं. शेजारी एक मुलगी करवंदं विकत होती. आईने दोन द्रोण घेतले, माझं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "त्या तंबूत बायकांना वेगळी सोय असते का?"

असते, म्हटलं.

"मग पप्पांना ते आधी सांगायचं. शिक्षणाचं नंतर."

गाडी आली. कंडक्टरने विचारायच्या आत आई म्हणाली, "दोन अर्धी, जुन्नर." पुढच्या सीटवर एक बाई होती, मांडीवर कोंबडी असलेली पिशवी. तिने मागे वळून आईकडे नीट पाहिलं.

"देवाला गेला व्हता का ताई?"

"नाही."

"मग? कोण पाव्हणं हाय का घाटघरला?"

"नाही ओ. असंच. बघायला."

"काय बघायला?"

आईने खिडकी सोडली, पुढे सरकून सीटच्या दांडीला धरलं आणि नागनिकेची गोष्ट सांगायला लागली. तिच्या गोष्टीत हत्तींचा आकडा माझ्या वहीतल्यापेक्षा बराच मोठा होता, आणि उपवासांचा उल्लेखही नव्हता.